उभ्या सभेतली खुर्ची

आमच्या ऑफिसात रोज सकाळी जी सभा होते तिचा नियमच असा आहे की सगळ्यांनी उभं राहायचं. पाय दुखायला लागले की माणसं आपोआप थोडक्यात बोलतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर तीन रकाने: करायचं आहे, चालू आहे, झालं. त्या रकान्यांत चिकटवलेली रंगीत कार्डं. बोर्डासमोर अर्धगोल करून आमची सगळी टीम उभी. आणि त्या अर्धगोलात, बरोबर मधोमध, एक खुर्ची. ती माझी.

ती मी मागितली नव्हती. पहिल्याच दिवशी कुणीतरी मागून सरकवली आणि म्हणालं, "सर, तुम्ही कायले उभे राहता? बसा न." मी "अरे नको नको" म्हणालो आणि बसलो. दुसऱ्या दिवशी खुर्ची आधीच ठेवलेली होती. तिसऱ्या दिवसापासून मी "नको नको" म्हणणंही सोडलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. ज्या जागी बोर्ड टांगलाय तिथे पूर्वी माझं केबिन होतं. भिंत पाडली, काच काढली, माझ्या नावाची पाटी कुठे गेली कुणास ठाऊक. खुर्ची तेवढी उरली, असं मला वाटायचं.

पन्नाशी केव्हाच ओलांडलेला मी. सॉफ्टवेअरच्या धंद्यात नागपुरात फारसं कुणी नव्हतं तेव्हापासून आहे. आमच्या वेळची पद्धत वेगळी. आधी गिऱ्हाइकाला काय हवंय त्याचा जाडजूड दस्तऐवज लिहायचा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, मग वर्षभर मान मोडून काम करायचं, आणि शेवटी दाखवायला गेलं की गिऱ्हाईक म्हणायचं, हे नव्हतं हो आम्हाला पाहिजे. त्या वर्षभरात माझं काम मुख्यतः केबिनमधून बाहेर येऊन "कुठपर्यंत आलं?" असं विचारणं. ते मी फार रुबाबात करायचो. हाताखालची पोरं मला घाबरायची आणि मी त्याला आदर समजायचो.

मग कंपनीनं ठरवलं की आता सगळं काम स्क्रम नावाच्या नव्या पद्धतीनं होणार. पुण्याहून एक प्रशिक्षक आला. त्यानं दोन दिवस आम्हाला शिकवलं की टीममध्ये कुणी साहेब नसतो. काम एकेकट्याचं नसतं, टीमचं असतं. दर दोन आठवड्यांनी थोडंसं पण चालणारं काही तरी करून दाखवायचं, त्या दोन आठवड्यांना स्प्रिंट म्हणायचं. जे आहे ते सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, वरचेवर ते तपासायचं, आणि जे दिसेल त्याप्रमाणे आपली चाल बदलायची. या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा आहे, म्हणाला. शिवाय पाच गुण सांगितले: बांधिलकी, एकाग्रता, मोकळेपणा, आदर आणि धैर्य. मी शेजारच्याच्या कानात पुटपुटलो, "हे काय संस्कारवर्ग आहेत काय?" तो हसला. आदर तर आमच्याकडे आधीपासूनच पोत्यानं होता. बाकीच्यांचं बघू, असं मला वाटलं.

नव्या रचनेत मी साधा टीमचा सदस्य झालो. म्हणजे आता "कुठपर्यंत आलं" विचारायचं नव्हतं, आपण स्वतः कार्ड उचलायचं, काम करायचं, कार्ड 'झालं'च्या रकान्यात न्यायचं. स्क्रम मास्टर झाला तो मीच कधीकाळी नोकरीला घेतलेला मुलगा. दसऱ्याला अजूनही घरी सोनं द्यायला येतो आणि वाकून नमस्कार करतो. स्क्रम मास्टर म्हणजे मुकादम नव्हे. टीमच्या वाटेतली अडचण दूर करणं हे त्याचं काम. पण टीमच्या वाटेत आपला गुरूच उभा आहे हे त्या बिचाऱ्याला कसं दिसावं?

काम होतं परदेशातल्या काही दवाखान्यांचं. पेशंटनं घरबसल्या डॉक्टरची वेळ घ्यायची, रांगेत आपला नंबर कितवा ते मोबाइलवर बघायचं, असं ॲप. मी पहिलं कार्ड मोठ्या ऐटीत उचललं आणि डेस्कवर जाऊन बसलो. समोरच्या पडद्यावर जे काही होतं ते मला अर्धं कळत होतं, अर्धं नव्हतं. मी शेवटचा प्रोग्रॅम लिहिला त्याला जमाना झाला होता आणि त्यानंतर भाषाच बदलल्या होत्या. विचारावं कुणाला? ज्यांना मी वर्षानुवर्षं विचारत आलो होतो त्यांना? मी ओढूनताणून काही तरी लिहिलं, ते चाललं नाही, पुन्हा लिहिलं. संध्याकाळी बघतो तर चालायला लागलं. मला वाटलं, जमतंय की. हाडाचा कारागीर आहे, हात विसरत नाही.

पुढचंही कार्ड तसंच. दुपारपर्यंत अडलेलं, जेवून येतो तो चालू. मी घरी बायकोला सांगितलं, "मशिनला पण जेवणाची सुट्टी लागते बघ." ती म्हणाली, "तुमाले लागते तशी." आम्ही दोघं हसलो.

मग एका दुपारी मी चष्मा डेस्कवर विसरलो. खाली टपरीवर तर्रीपोह्याची प्लेट हातात घेतली, तेव्हा लक्षात आलं. प्लेट तशीच ठेवून वर आलो. माझ्याच मशिनसमोर सावनेरहून येणारी मुलगी बसलेली होती. टीममधली सगळ्यात नवी. रोज एसटीनं यायची आणि एसटीनं परत जायची, नोकरी अजून कच्ची होती. माझं काम पडद्यावर उघडं होतं आणि ती त्यात भराभर बदल करत होती. दुसरी एक मुलगी घड्याळाकडे पाहत उभी. "लवकर कर न वं," ती म्हणत होती, "सर येतीन आता." आणि सावनेरवाली मान वर न करता म्हणाली, "झालंच. आज सरनं लईच गुंता करून ठेवला."

मी दाराआडूनच मागे फिरलो. चष्म्याशिवाय खाली आलो आणि थंड झालेले पोहे खाल्ले. कानशिलं तापली होती. तर्री तिखट आहे म्हणून नाक पुसतोय असं मी टपरीवाल्याला दाखवलं.

पुढे काय केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. संध्याकाळी मी बोर्डाशी गेलो, माझं कार्ड उचललं आणि 'झालं'च्या रकान्यात चिकटवलं. टीमनं टाळ्या वाजवल्या, कारण कार्ड सरकलं की टाळ्या वाजवायची आमची पद्धत आहे. ती मुलगीही वाजवत होती. मी हात जोडून मान लववली.

एकदा झालं असतं तर धक्का बसला होता असं म्हणता आलं असतं. पण मी तसाच चालू राहिलो. उलट आता मी जेवायला जरा जास्तच वेळ लावू लागलो. मी स्वतःला पटवायचो की काम टीमचं असतं, एकेकट्याचं नसतं, प्रशिक्षकच म्हणाला होता ना. चांगलं तत्त्व हाताशी असलं की लबाडीला फार कष्ट पडत नाहीत. सकाळच्या सभेत प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या असतात: काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. मी खुर्चीत बसून पहिल्या दोन ठणकावून सांगायचो आणि तिसरीला म्हणायचो, "नथिंग." ती मुलगी पहिल्या दोन हळू आवाजात सांगायची आणि तिसरीला म्हणायची, "काही नाही सर. होऊन जाईन." तिचं स्वतःचं कार्ड मात्र 'चालू आहे'मध्येच रुतून बसलेलं असायचं.

थंडी सरत आली तेव्हा स्क्रम मास्टर एकदा मला बाजूला घेऊन गेला. गच्चीच्या जिन्यात. आवाज खाली आणून म्हणाला, "सर, तुमचा सल्ला पाहिजे होता. ती सावनेरची पोरगी. तिचे कार्डं पुढे सरकूनच नाही राहिले. वरून विचारून राहिले तिले पक्कं करायचं का सोडायचं. या स्प्रिंटनंतर सांगायचं आहे. तुमाले काय वाटते?"

वरचे लोक प्रत्येकाची कार्डं मोजत होते हेच मुळात स्क्रमच्या विरुद्ध. हे मी तेव्हा बोलू शकलो असतो. किंवा खरं काय ते सांगू शकलो असतो, जिन्यात तिसरं कुणी नव्हतं. मी कठड्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हं."

एवढंच. "हं." त्यानं त्या हुंकाराचा त्याला जो वाटला तो अर्थ घेतला. "बरोबर आहे सर. मलेही तसंच वाटत होतं. बोलून पाहतो तिच्याशी." माझ्या नुसत्या हुंकाराला इतकं वजन आहे याचं मला कधीकाळी भूषण वाटलं असतं. त्या जिन्यात मला स्वतःची किळस आली. तरी मी खाली येऊन चहा प्यायलो.

दर स्प्रिंटच्या शेवटी आम्ही मागे वळून बघायला बसतो, त्याला रेट्रो म्हणतात. काय बरं झालं, काय चुकलं, पुढे काय बदलायचं, हे मोकळेपणानं बोलायचं. त्या रेट्रोत स्क्रम मास्टरनं फार जपून विषय काढला. कुणाचं मन दुखवायचं नाही, असा त्याचा स्वभाव. तिला म्हणाला, "तुझा स्पीड थोडा कमी पडून राहिला न? काही अडचण आहे का? मोकळी बोल."

तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती चपलेच्या टोकाकडे पाहत म्हणाली, "नाही सर, माझंच चुकलं. वाढवते स्पीड."

पक्की झाली की नागपुरात खोली घेईन, मग एसटीचे हाल नाहीत, असं ती टीममध्ये सगळ्यांना सांगायची. खोली कुठे बघितली, भाडं कोणासोबत वाटून घ्यायचं, सगळं ठरलं होतं. ते सगळं ती माझ्यासाठी, म्हणजे माझ्या तोंडावरची रया जाऊ नये म्हणून, चपलेच्या टोकाशी सोडून देत होती. मला बसवेना.

"तिचं चुकलेलं नाही," मी म्हणालो. "तिची कार्डं अडतात, कारण ती माझी कार्डं करते. मला हे काम येत नाही."

आणि मग, मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "काय सर तुम्ही पण!" स्क्रम मास्टरचे डोळे भरून आले. तो सगळ्यांना म्हणाला, "पाहा, याले म्हणते मोठेपणा. पोरीले वाचवासाठी सर स्वतःवर घेऊन राहिले." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "अरे नाही, खरंच" म्हणत राहिलो, तसतसा टाळ्यांना जोर चढत गेला. मी मुलीकडे पाहिलं. तिनं तोंडातल्या तोंडात म्हटलं, "सर उगीच म्हणतात. असं काही नाही."

आयुष्यात इतका लाजलो नव्हतो. खरं बोललो, तर त्याचंही पदकच मिळालं. आणि ती पोरगी आता हळू कामाचीच नव्हे, तर सरांच्या दयेवर जगणारीही ठरली. मी तिचं आणखीनच वाटोळं केलं होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, "काहून जेवून नाही राहिले?" मी तिला सगळं सांगितलं, चष्म्यापासून. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि ती म्हणाली, "तुम्ही सांगत बसू नका. तुमचं सांगणं कोणी ऐकत नाही, सगळे तुमच्या पाया पडतात. दाखवा त्याईले."

दाखवा. प्रशिक्षक दोन दिवस तेच तर सांगत होता. काम झालं म्हणून सांगू नका, चालवून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची होती तिथेच होती. मी तिच्यावर बसलो नाही. "सर, बसा न," मागून आवाज आला. मी बोर्डाशी गेलो आणि 'झालं'च्या रकान्यातून माझं कालपरवाचं कार्ड काढलं. डॉक्टरला उशीर झाला तर पेशंटला तसं कळावं, एवढंच त्यावर होतं. गिऱ्हाइकानं त्यात छोटा बदल मागितला होता: नुसता 'उशीर आहे' असा मजकूर नको, किती मिनिटं उशीर आहे ते दिसावं. ज्यानं ते काम केलंय त्याला हा बदल चहा थंड व्हायच्या आत करता यायला हवा. मी म्हणालो, "हे मी आता सगळ्यांसमोर करून दाखवतो." आणि माझं मशिन भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलं.

मला ती फाइलच सापडेना. एक उघडली, ती नव्हती. दुसरी उघडली, त्यात माझं काही नव्हतं. शेवटी एक ओळखीची वाटली, तीत काही तरी लिहिलं, तर सगळा पडदा लाल झाला. मी पुसलं. पुन्हा लिहिलं. टीव्हीवर माझी चुकलेली अक्षरं दिसत होती, एकेक, हाताएवढी. घाम मानेवरून सदऱ्यात उतरला. कुणी हसलं नाही, कुणी "काय सर" म्हणालं नाही. एकाचा चहा हातातच राहिला. स्क्रम मास्टर दोनदा पुढे आला, "असू द्या न सर, नंतर पाहू," म्हणाला. मी हातानंच त्याला थांबवलं. त्यांनी बघायला हवं होतं. मी केबिनमध्ये बसून कधीच दिसू दिलं नव्हतं ते सगळं.

किती वेळ गेला ते आठवत नाही. मी थांबलो, वळलो आणि तिला विचारलं, "माझं काम तुला दुरुस्त करायला किती वेळ लागतो?"

ती चपलेच्या टोकाकडे पाहू लागली.

"बाई, मी विचारतोय. मोकळेपणानं सांग. तुझ्या खोलीचा प्रश्न आहे."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "सर, दुरुस्त नाही होत ते," ती म्हणाली. "तुमचं पुसून नवीनच लिहा लागते. तुम्ही हात नाही लावला तर लवकर होते."

त्या ऑफिसात इतक्या वर्षांत मला कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. ते झोंबलं. अजून झोंबतं. पण त्या वाक्यावर टाळ्या वाजवायची कुणाची छाती झाली नाही. स्क्रम मास्टर मान खाली घालून उभा होता. तोही लाजलेला होता, हे मला दिसलं. त्याची लाजही माझ्याच खात्यावर.

दुपारी मी आणि स्क्रम मास्टर वरच्या मजल्यावर गेलो. तो साहेबांना म्हणाला की कार्डं माणसागणिक मोजणंच चूक, काम टीमचं असतं. मी म्हणालो की माझी म्हणून मोजलेली कार्डं तिची आहेत. साहेबांनी विचारलं, "मग तुमचं काय करायचं?" मी म्हणालो, मला शिकायचंय, तिच्याकडून. साहेब माझ्याकडे असं बघत राहिले, जसं मी पूर्वी इतरांकडे बघायचो. "बघू," म्हणाले. तिला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. प्रतापनगरात दोघींसोबत तिनं खोली घेतली. माझं अजून "बघू"च आहे.

खुर्ची मी स्वतः उचलून तिच्या डेस्कशेजारी नेऊन ठेवली. रोज तिथे जाऊन बसतो. की-बोर्ड ती माझ्याकडे देते आणि स्वतः हात मांडीवर ठेवते, म्हणजे अडलं तरी मला की-बोर्ड तिच्याकडे सरकवता येत नाही. चुकलो की म्हणते, "पुन्हा पाहा." सर म्हणायला विसरते कधीकधी.

परवा सकाळी सभेत तिची पाळी आली. काल काय केलं, सांगितलं. आज काय करणार, सांगितलं. मग तिसरं. ती "काही नाही, होऊन जाईन" म्हणेल असं सगळ्यांना वाटलं, मलाही. तिनं एक लाल कार्ड काढलं, बोर्डाच्या कडेला अडचणींसाठी मोकळी जागा असते, तिथे चिकटवलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "माझी अडचण सर आहेत. रोज अर्धा दिवस त्याईले शिकवण्यात जाते. तो वेळ कुठून काढायचा ते टीमनं ठरवा लागन."

सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मागे कुणीतरी सवयीनं खुर्चीसाठी हात लांबवला, तिथे खुर्ची नव्हती. कार्डावर तिनं नुसतं 'सर' लिहिलं होतं. बोर्डावर कुणी माझ्याबद्दल खरं लिहावं, याची ती पहिलीच वेळ.

"बरोबर आहे," मी म्हणालो. पाय दुखत होते. मी उभाच राहिलो आणि पुढच्याची पाळी सुरू झाली.